या माणसाला कोणी ओळखतं का?

टोस्टवर लोणी फासता फासता व्हर्लिन स्टकीने सुरी हवेत उंचावली आणि जाहीर करून टाकलं, "या लार्किन कोर्ट गल्लीत मला न ओळखणारं कुत्रंसुद्धा सापडायचं नाही."

"कुत्रं नसेल सापडत," लुएला म्हणाली. तिने टॅबलेट त्याच्या बशीला टेकवून उभा केला. "माणसं सापडलीत. त्रेचाळीस."

पडद्यावर एक फोटो होता. दारावरच्या कॅमेऱ्याने वरून टिपलेला, त्यामुळे त्यातल्या माणसाला पाय जवळजवळ नव्हतेच. एक अवाढव्य मळकी कापडी टोपी, तिच्याखालून डोकावणारं नाक आणि पोटाशी धरलेली कागदी पिशवी. खाली चौदा नंबरच्या केल्सीने लिहिलं होतं: 'सकाळी सहा वाजता आमच्या ओसरीत. या माणसाला कोणी ओळखतं का? पिशवी आम्ही उघडलेली नाही.'

"ही माझी टोपी आहे," व्हर्लिन म्हणाला.

"टोपी ओळखलीस. छान."

"अगं, हा मी आहे!"

"मला माहितीय. त्यांना नाही."

पिशवीत झुकिनी होत्या, दिसायला काकडीसारखी ती भाजी. ऑगस्टात ओहायोमध्ये झुकिनी कुणाला आवरत नाही. काल अंगठ्याएवढी दिसली ती आज दंडाएवढी होते, आणि घरात आठव्या दिवशी तिचं नाव काढलं तरी बायको पळी उगारते. मग माणूस काय करतो, पिशवी भरतो, शेजाऱ्याच्या दारात ठेवतो आणि त्याने 'नको' म्हणायच्या आत सटकतो. व्हर्लिनच्या बापाने हेच केलं होतं. चोरून न्यायच्या वस्तू जगात पुष्कळ आहेत, चोरून द्यायची ही एकच.

लुएला उत्तरं वाचून दाखवत होती.

"एकजण म्हणतो, पिशवीत साप असेल. एकीची सायकल मे महिन्यात गेली, ती म्हणते हाच तो. एकाने ओसरीत दुसरा कॅमेरा लावायला सांगितलंय, पहिल्यावर लक्ष ठेवायला." तिने पडदा वर सरकवला. "आणि एकीने लिहिलंय, माणूस कोण ते सोडा, आधी ती टोपी धुवायला हवी."

"बघ! हल्लीची माणसं! तोंडओळख नाही आणि टोपीवर बोलतात."

लुएलाने कॉफीचा घोट घेतला.

"तूच लिही ना मग. हा माझा नवरा म्हणून," तो म्हणाला. गल्लीच्या या ॲपवर ती दोन वर्षं होती, फुकटात कुंड्या आणि कुणाकुणाच्या भानगडी मिळतात म्हणून. कुठल्या नावाने होती ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"मी कशाला? कुत्रंसुद्धा ओळखतं म्हणालास. भुंकू दे एखादं."

ही नुसती थट्टा नव्हती, ते व्हर्लिनला समजलं. मुलगी नोरीन टूसॉनला होती. तिथे तिच्या घरामागे यांच्यासाठी दोन खोल्या तयार होत्या, आणि तिथे बर्फ पडत नव्हता. लुएलाचे गुडघे आता आणखी एक हिवाळा काढायला तयार नव्हते. व्हर्लिन मात्र दोन वर्षं एकच गोष्ट सांगत आला होता: तिथे मला कोण ओळखतं? इथे मी छत्तीस वर्षं टपाल टाकलंय.

"आज शुक्रवार," लुएला म्हणाली. "रविवारी जेवायच्या आत एका माणसाने त्या फोटोखाली तुझं नाव लिहिलं, तर मी पुन्हा टूसॉन म्हणणार नाही. गुडघे राहोत नाहीतर जावोत. नाही लिहिलं, तर सोमवारी घराला विक्रीची पाटी लावायची."

व्हर्लिनने लोण्याचा हात विजारीला पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"हरलीस तू," तो म्हणाला.

तडक चौदा नंबर गाठून त्याने बेल दाबली. दाराने जाड आवाजात विचारलं, "काय काम आहे?"

"मी व्हर्लिन. सात नंबरचा. केल्सीला भेटायचं होतं."

"केल्सी नाहीये. मी तिचा नवरा."

"मग तुम्ही तरी उघडा."

"मी डेन्व्हरच्या विमानतळावर आहे."

व्हर्लिन दोन पावलं मागे सरला आणि उगीचच आभाळाकडे पाहू लागला. आतून कुत्रं जोरात भुंकलं.

"चला, कुत्रं तरी आहे घरात."

"ते रेकॉर्डिंग आहे, सर."

"बरं. अहो, ती पिशवी. झुकिनी होत्या त्यात."

"काय होतं?" मागे कुठल्याशा विमानाची घोषणा चालली होती.

"झुकिनी!" व्हर्लिन बेलच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडला. "झु-कि-नी!"

"सर, ओरडू नका. सगळं रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे! छत्तीस वर्षं याच दारात टपाल टाकलंय मी!"

दाराने आवाज उतरवला. मग जरा समजुतीने म्हणालं, "हे घर बांधून अकरा वर्षं झालीत, सर."

ते खरंच होतं. इथे डनलीव्हीचं घर होतं, हिरव्या खिडक्यांचं. ते पाडलं तेव्हा व्हर्लिन समोरच उभा होता.

तो घरी पोचायच्या आधीच व्हिडिओ पोचला होता: 'परत आला. आता ओरडतोय.'

शनिवारी सकाळभर तो पायरीवर बसून राहिला. समोर दोन तासांत अकरा गाड्या खोकी टाकून गेल्या. तीन हिरवळींवर तीन यंत्रं आपली आपणच गवत कापत फिरत होती. गॅरेजचं दार वर जायचं, गाडी गिळायचं आणि ओठ मिटायचं. या रस्त्यावर माणसाचा पाय म्हणून जमिनीला लागत नव्हता. आपण मागवलेले बूट या घटकेला कुठल्या चौकात पोचलेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. शेजारच्या घरात कोण आहे ते विचारायला कॅमेऱ्यातला फोटो लागत होता. आणि फोनवर सगळ्यांना पाचपैकी चांदण्या द्यायच्या, सेवा कशी वाटली म्हणून. व्हर्लिनने डोळ्यांच्या डॉक्टरला दिल्या होत्या, पेट्रोल पंपावरच्या संडासाला दिल्या होत्या. भावाला पुरून आल्यावर दफनवाल्यांनी फोनवर विचारलं होतं, आमची सेवा तुम्ही मित्रांना सुचवाल का? तेव्हाही त्याने मुकाट्याने चार दिल्या होत्या. शेजाऱ्याला द्यायची सोय तेवढी कुठे नव्हती.

तो उठला, माडीवर गेला आणि टपालखात्याचा जुना निळा कोट घालून खाली आला. बाहेर अंडं भाजेल असं ऊन होतं. पोटावरची दोन बटणं काजांना भेटायला तयार नव्हती.

"कुठे निघालास?" लुएला म्हणाली. "पेन्शन परत करायला?"

"माणसं चेहरा विसरतात. कोट विसरत नाहीत."

पाच घरांनी दार उघडलं नाही. एकोणीस नंबरने मात्र बेल वाजायच्या आत उघडलं. कानात काहीतरी खुपसलेली एक बाई बाहेर आली आणि त्याला पाहून तिचा चेहरा उजळला.

"अरे वा! बरं झालं आलात!"

व्हर्लिनने कोटाची कॉलर ताठ केली. "ओळखलंत?"

"हो हो, ऐकतेय मी, बोल," बाई कानातल्या माणसाला म्हणाली. तिने आतून एक खोकं आणून व्हर्लिनच्या हातात दिलं. "बूट आहेत. लहान होतायत. परत जायचेत." आणि दार लागलं.

त्याने पुन्हा बेल दाबली. बेल म्हणाली, "पार्सल दारात ठेवा, धन्यवाद."

ठेवता आलं असतं. पण छत्तीस वर्षांत कुणी हातात दिलेली वस्तू व्हर्लिनने कधी जमिनीवर ठेवली नव्हती. त्याने खोकं काखेत मारलं आणि टपालकचेरीची वाट धरली. शनिवारी ती बाराला बंद होते, हे तिथे पोचल्यावर त्याला आठवलं. मग खोकं घेऊन तो पुन्हा साऱ्या लार्किन कोर्टासमोरून घरी आला.

चार वाजता पोलीस आला. पोरगेला होता, नाकावर उन्हाने साल निघालेली. ओसरीतल्या बाकावरच्या खोक्याकडे त्याने बोट दाखवलं.

"सर, हे तुमचं आहे?"

"नाही."

"तुम्ही टपालखात्यात आहात?"

"होतो."

"मग हा कोट?"

"खात्याचा. म्हणजे माझा. मला ते बूट परत पाठवायचे होते."

"कुणाचे बूट?"

"एकोणीस नंबरच्या बाईचे."

"नाव काय त्यांचं?"

व्हर्लिन डोकं खाजवू लागला. पोलिसाने वही काढली. आवाज खाली आणून म्हणाला, "इथे तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का, सर? एखादा शेजारी?"

"आहेत की! डनलीव्ही लिहा. चौदा नंबर." पोलिसाने लिहिलं. "नाही, ते गेले. घर पाडलं त्यांचं. मिसेस हूपर लिहा, समोरच्या." लिहिलं. "त्या... त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मग कॉस्लो. कॉस्लो फ्लोरिडात असतो पण."

पोलिसाने तिन्ही नावांवर एकच लांब रेघ मारली.

"मी ओळखते," लुएला दारातून म्हणाली. चौकटीला धरून ती उभी होती. "हमी घेणार नाही. पण ओळखते."

पोलीस खोकं घेऊन गेला. व्हर्लिनने कोट काढून खुर्चीवर टाकला. तो नंतर कुणी उचलला नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तरं एकसष्ट झाली. त्यांत साप होता, सायकल होती, सरकार होतं. व्हर्लिन स्टकी नव्हता. तो खिडकीशी बसून समोरच्या बंद दारांकडे बघत होता. कुठल्या दारात कुणाची पत्रं यायची ते अजून त्याला पाठ होतं. कुणी विचारत नव्हतं.

स्वयंपाकघरात लुएला झुकिनी किसत होती. किसणी थांबली. बराच वेळ थांबलेली राहिली.

"व्हर्लिन," तिने हाक मारली. "ये इकडे. हरले मी."

तो गेला. टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवलेला होता. फोटोखाली सगळ्यात शेवटी लिहिलं होतं:

'हे व्हर्लिन स्टकी. सात नंबर. या भागात छत्तीस वर्षं टपाल टाकायचे. मिसेस हूपरना कुणाचं पत्र यायचं नाही, म्हणून दर महिन्याला स्वतः कार्ड लिहून त्यांच्या पेटीत टाकायचे, खाली खोटंच नाव घालून. पिशवीत झुकिनी आहेत. घाबरू नका, खा.'

व्हर्लिनने ते दोनदा वाचलं. मग बोटाने पडदा वर सरकवला. लिहिणाऱ्याचं नाव होतं एल. प्रॅट, आणि चेहऱ्याच्या जागी बर्फात बसलेला एक लाल पक्षी. तो फोटो व्हर्लिननेच याच खिडकीतून काढला होता. प्रॅट हे लुएलाचं माहेरचं नाव. मिसेस हूपरच्या कार्डांबद्दल त्याने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. तो आणखी वर सरकत गेला. पार वर, शुक्रवारच्या टोपीच्या उत्तराशेजारी, तोच लाल पक्षी बसला होता.

"कुणी लिहिलं असेल?" तो म्हणाला.

"असेल कुणी." लुएला ओट्याला रेलून गुडघा चोळत होती. "सगळेच काही विसरत नाहीत."

"आहेत म्हणायची भली माणसं."

"आहेत तर."

त्याने टॅबलेट अलगद पालथा ठेवला. खुंटीवरची टोपी काढली, आत-बाहेर उलटून पाहिली आणि कपड्यांच्या मशीनमध्ये टाकली. साबण किती घालतात ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने बराच घातला.

"टूसॉनला झुकिनी होते का गं?" तो मशीनपाशी उभा राहून म्हणाला.

मशीन सुरू झालं होतं. "काय म्हणालास?" लुएलाने विचारलं.

"काही नाही."

टोपी सकाळपर्यंत वाळली नाही. सोमवारी सहा वाजता व्हर्लिनने बागेतल्या सहा झुकिनी काढल्या आणि उघड्या डोक्याने चौदा नंबरच्या ओसरीत ठेवून आला. आठ वाजता ॲपवर नवा फोटो आला. केल्सीने लिहिलं होतं: 'ते टोपीवाले स्टकी कोण ते कळलं, आभार. पण आज दुसराच कुणीतरी येऊन गेला. हा टकला आहे. या माणसाला कोणी ओळखतं का?'