परसातून गेलेली वाट

सकाळची कॉफी घेऊन क्लेटन टॉलेफसन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला, की त्याच्या आणि समोरच्या डोंगराच्या मधून माणसे जात. परसाच्या एका अंगाला वरचे फाटक होते, दुसऱ्या अंगाला खालचे. आणि या दोन फाटकांच्या दरम्यान, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून, खिडकीपासून हातभर अंतरावरून एक पायवाट गेलेली होती. ती इतकी निःशंकपणे गेलेली होती, की वाट आधीची आणि घर मागाहूनचे असावे असे वाटे. वस्तुस्थितीही तशीच होती. ज्या काळी केल्डगार्थ गावची माणसे मृतांना खांद्यावर घेऊन खालच्या गावच्या चर्चपर्यंत जात, त्या काळापासून ती वाट वाहत होती. घर तिच्या काठी नंतर कधीतरी येऊन बसले. यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे.

क्लेटनला मात्र ते कुणी समजावून सांगितले असते, तरी पटले नसते. पश्चिम नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत त्याचे आयुष्य गेले होते. तिथे एका घराच्या दिव्यातून दुसऱ्या घराचा दिवा दिसत नसे, आणि दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता पाऊल टाकणे ही साधी चूक मानली जात नसे. फाटकाशी गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, आणि घरातून कुणी बाहेर येऊन हात वर करीपर्यंत तिथेच थांबायचे, हा तिथला शिष्टाचार. जो थांबत नसे, त्याला क्लेटनचा बाप बंदूक खांद्यावर टाकून सामोरा जाई, आणि लहानगा क्लेटन त्याच्या मागोमाग चाले. कुंपण नीट राखणे हेच पुरुषाचे अर्धे चारित्र्य, अशी त्याची बालपणापासूनची धारणा होती.

गुडघा कामातून गेला, तेव्हा त्याने गुरे विकली आणि जमीन पुतण्याच्या हवाली केली. त्याच सुमारास त्याच्या पत्नीला, नॅडीनला, इंग्लंडहून बोलावणे आले. ती गुरांची डॉक्टर. उभ्या आयुष्यात तिने शेजारपाजारच्या अडलेल्या गायी सोडवल्या, वासरे वाचवली. परंतु लोक तिला टॉलेफसनची बायको म्हणूनच ओळखत आले. आता साठीच्या उंबरठ्यावर केल्डगार्थजवळच्या मेंढ्यांच्या संशोधनसंस्थेने तिला तिच्या नावाने बोलावले होते. आधी काही महिने राहून पाहायचे, आणि मन लागले तर तीन वर्षांसाठी थांबायचे, असे ठरले होते. ते काही महिने आता संपत आले होते. संस्थेला उत्तर हवे होते, आणि ते उत्तर नॅडीनने नवऱ्यावर सोपवले होते.

“तू म्हणशील तसं,” ती एवढेच म्हणाली होती.

त्या तीन शब्दांनी क्लेटनची झोप उडाली होती. परत जाऊ, असे तो म्हणाला असता, तर तिने तोंडातून ब्रही न काढता सामान बांधले असते, हे तो जाणून होता. म्हणूनच तो शब्द त्याच्या जिभेवर येत नसे. आणि राहू, असे म्हणावे, तर खिडकीबाहेरून पुन्हा कुणीतरी जाई.

“आज किती गेले?” कोट चढवता चढवता नॅडीनने विचारले.

“मी मोजत नाही.”

“कालपासून मोजत नाहीस, की आजपासून?”

“परवा एकानं दोरीवरच्या चड्ड्या हातानं बाजूला सारल्या, नॅडीन. माझ्या चड्ड्या. आणि वर मला म्हणतो, वाळवणाला वारा छान सुटलाय.”

“छान होताच की वारा,” ती म्हणाली आणि कामावर निघून गेली.

तिच्यामागे ते घर त्याला खायला उठे. तो या खोलीतून त्या खोलीत जाई, बसे, उठे, पुन्हा खिडकीशी येई. गुरे नाहीत, तुटलेले कुंपण नाही. सभोवार काळसर दगडांचे गडगे, मातीचा गिलावा न घालता रचलेले, आणि ते रचणारे हात केव्हाच मातीला मिळालेले. त्याच्या हातांना काही काम उरले नव्हते. अशाच एका सकाळी त्याने पक्कड घेतली, जाड तारेचा एक तुकडा घेतला आणि वरचे फाटक खांबाला बांधून टाकले. पीळ असा घट्ट आणि असा सुबक बसला, की कित्येक दिवसांत प्रथमच त्याला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी मेटकाफ वरून आला. लालबुंद चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या त्या गृहस्थाने फाटकाशी थांबून तारेचे बराच वेळ निरीक्षण केले. मग ती उलगडली, आत आला, आणि मागे वळून पुन्हा होती तशी पिळून ठेवली.

“तार छान पिळलीय तुम्ही,” खिडकीसमोरून जाताना तो म्हणाला.

“आमच्याकडे अशीच पिळतात,” क्लेटन म्हणाला. या गावात कुणी आपले कौतुक केल्याचे त्याला आठवत नव्हते.

“हो, दिसतंय ते,” मेटकाफ म्हणाला आणि चालता झाला.

त्यानंतर जे घडू लागले, त्याने क्लेटनचा जीव अधिकच कातावला. माणसे यायची थांबली नाहीत. ती फाटकाशी येत, हातमोजे काढून तार उलगडीत, आत शिरत, आणि मोठ्या निगुतीने ती पुन्हा बांधीत. कुणी तक्रार केली नाही, कुणी दार ठोठावले नाही, कुणी भुवई उंचावली नाही. क्लेटनने पीळ वाढवला. तोही सुटला आणि पुन्हा बसला. एकदा तर कुणी अनोळखी हाताने तो क्लेटनपेक्षा सफाईने बसवलेला आढळला. कुणी येऊन चार शिव्या घातल्या असत्या, तर त्यानेही चार घातल्या असत्या, आणि दोन्हीकडची मने मोकळी झाली असती. परंतु या सौजन्याशी भांडावे कसे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

संस्थेला उत्तर द्यायच्या आठवड्यात तो गाडीने दुकानातून परतत होता. रस्ता अरुंद, दोहों बाजूंना गडगे, आणि हवेत ते तिथले धुक्यासारखे पाणी. समोरून दुधाचा टँकर आला, आणि गडग्याला पाठ चिकटवून एक म्हातारी उभी राहिलेली त्याला दिसली. छातीशी तिने फडक्यात बांधलेले एक भांडे धरले होते. क्लेटनने तिला ओळखले. ती मिसेस आयरीडेल. पूर्वी रोज दुपारी त्याच्या परसातून वर जाणारी. आपण बऱ्याच दिवसांत तिला पाहिले नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले.

त्याने गाडी थांबवून दार उघडले. “बसा, बाईसाहेब. कुठं सोडू?”

“बाईसाहेब कुणाला म्हणतोस? मी काही राणी नाही,” ती आत बसत म्हणाली. “वर, स्टॅन्लीकडे. माझा भाऊ. एकटा असतो. दुपारी त्याच्या पोटात काही ढकललं नाही, तर बिस्किटांवर दिवस काढील.”

“पण तुम्ही तर आमच्या बाजूनं जात होता. हा रस्ता केवढा लांब पडतो.”

“पडतो खरा.”

“मग?”

म्हातारीने आपले हात मांडीवरच्या भांड्यावर ठेवले. सांधे जुन्या झाडाच्या मुळांसारखे गाठाळले होते. “ही बोटं आता तसली तार सोडवत नाहीत,” ती हवापाण्याविषयी बोलावे, तशा सुरात म्हणाली.

क्लेटनला गाडी पुढे नेववेना. “तुम्ही मला सांगायचं होतं. दार ठोठावायचं होतं. कुणीतरी एका शब्दानं सांगायचं होतं.”

“सांगितलं की. मेटकाफ बोलला ना तुझ्याशी?”

“तो म्हणाला, तार छान पिळलीय.”

“मग?” मिसेस आयरीडेलने त्याच्याकडे खरोखरच्या आश्चर्याने पाहिले. “आणखी किती स्पष्ट बोलायचं माणसानं? लाजला असेल बिचारा नंतर, एवढं तोडून बोललो म्हणून.”

तिला वर सोडून तो घरी आला. पक्कड घेऊन फाटकाशी गेला, आणि तार उलगडण्याचेही कष्ट न घेता ती तोडून टाकली. त्याने त्याचे मन स्वस्थ झाले नाही. उलट, इतके दिवस सारे गाव आपल्याशी बोलत होते आणि आपण ऐकत नव्हतो, या जाणिवेने ते अधिकच ढवळून निघाले. पुतण्याला फोन लावावा, विमानाची चौकशी करावी, असे त्याच्या मनात आले. फोन हातात घेऊन त्याने तो पुन्हा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिसेस आयरीडेल परसात आली, तेव्हा तो बाहेर उभा होता. क्षमायाचनेची वाक्ये त्याने मनाशी जुळवून ठेवली होती.

“मिसेस आयरीडेल, मला तुम्हाला असं सांगायचंय, की...”

“ते राहू दे. हे धर.” तिने भांडे त्याच्या हातांत दिले. “मटण आहे, हलवू नकोस. चल.”

“कुठं?”

“वर. हात दुखतात माझे, सांगितलं ना काल.”

“पण वर तर मेटकाफचं आवार आहे.”

“आहे.”

“त्याच्या आतून जायचं?”

“मग काय वरून उडत जायचं?”

इतक्या महिन्यांत क्लेटन त्या वाटेवर आपल्या फाटकापलीकडे एक पाऊलही गेला नव्हता. मेटकाफकडे तो दोनदा गेला होता, तो गाडीने, पुढच्या बाजूने, हॉर्न वाजवून. आता म्हातारीच्या मागून चढण चढताना, गडग्यातल्या दगडी पायऱ्या ओलांडताना त्याचे खांदे आपोआप आखडले. मेटकाफच्या आवारात वाट अगदी स्वयंपाकघराला घासून जात होती. आत माणसे जेवत होती. कुणाचा तरी हात मिठासाठी पुढे झालेला त्याला दिसला. तिथे त्याचे पाय रोवले गेले. आता दार उघडेल, आता कुणी हाक मारील, या अपेक्षेने त्याच्या पाठीचा कणा ताठ झाला. बापाच्या बंदुकीमागून चालणारा मुलगा त्याच्या गात्रांतून अजून गेला नव्हता. फरक इतकाच, की आज तो बंदुकीच्या भलत्या बाजूला उभा होता.

“थांबू नकोस,” मागे न पाहता म्हातारी म्हणाली. “थांबलास, की त्यांना वाटेल, याला काहीतरी हवंय. मग बिचाऱ्यांना जेवण सोडून उठावं लागेल.”

“न विचारता कसं जायचं?”

“चालत जायचं, पोरा. सगळे जातात तसं.”

तो चालला. आतून कुणी उठले नाही. खिडकीतल्या एका पोरीने त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा ताटात लक्ष घातले, इतकेच.

स्टॅन्लीने भांडे घेतले, फडके सोडून आत पाहिले, आणि गाजर फार घातलेस म्हणून बहिणीवर कुरकुर केली. ती तिथेच बसणार होती. क्लेटनला एकट्यानेच परतायचे होते. दारापासून डांबरी रस्ताही फुटत होता, लांबचा आणि निर्वेध; त्यावरून जाताना कुणाला विचारण्याचा प्रश्नच येत नव्हता. क्लेटन काही वेळ दोहोंच्या मध्ये उभा राहिला. गुडघा ठणकत होता. परतीच्या विमानाचा विचार पुन्हा मनात येऊन गेला. मग तो वाटेने निघाला.

मेटकाफ आवारात एका मेंढीला पाठीवर पाडून तिचे खूर तासत होता. क्लेटनच्या तोंडात नमस्काराचे, परवानगीचे, गेल्या आठवड्यांविषयीच्या खेदाचे असे सारे शब्द एकदमच गोळा झाले. मेटकाफने मान वर केली नाही.

“ते मधलं फाटक लावा जाताना,” तो म्हणाला. “कोकरं शिरतात.”

क्लेटनने फाटक लावले. चढणीच्या माथ्यावरून त्याला आपले घर दिसले. ते त्याने या बाजूने कधीही पाहिले नव्हते: पाटीच्या दगडाचे ओले छप्पर, दोरीवर त्याचेच सदरे, आणि भिंतीला लागून खाली उतरणारी ती फिकट रेघ. घराकडे पाहताना आपण कुणाच्या तरी घराकडे पाहतो आहोत, असे त्याला वाटले, आणि त्या वाटण्यात दुःखही होते आणि एक विलक्षण हलकेपणाही होता.

नॅडीन लवकर परतली होती. खिडकीशी उभी राहून ती बटाटे सोलत होती. चष्मा कुठेतरी ठेवून विसरली असावी. बाहेरून कुणी जात आहे एवढे तिला दिसले, आणि तिने मान किंचित लववली, जशी ओळख नसलेल्या वाटसरूपुढे लववावी तशी. त्यात संशय नव्हता, आमंत्रण नव्हते. क्लेटननेही मान लववली आणि तो चालत राहिला. दोरीवरचा सदरा त्याने हाताने बाजूला सारला. खालचे फाटक उघडून तो बाहेर पडला, तेव्हा मागे दार वाजले.

“क्ले? तू होतास तो?” ती ओल्या हातांनीच बाहेर आली होती. “निघालास कुठं?”

“वाट खाली कुठं जाते, ते बघतो जरा.”

“या पावसात? गुडघ्याचं काय?”

“दुखतोय.” तो थांबला. “नॅडीन, त्यांना सांग, आपण राहतोय.”

तिने ओले हात पुसले. “मन लागलं तुझं?”

“नाही,” तो म्हणाला. “अजिबात नाही. घरात बसवत नाही, आणि तिकडे परत जाऊनही बसवणार नाही, हे आज कळलं. पण इथं निदान उठून चालता येतं.”

“तीन वर्षं चालत राहशील?”

“तू मेंढ्या बघ. माझं मी बघतो.”

“बटाट्याचं काय करू?”

“झाकून ठेव,” तो म्हणाला, फाटक लावले आणि खाली उतरू लागला. तिकडून कुणी दोघे कुत्रा घेऊन वर येत होते. वाट अरुंद होती. क्लेटन गडग्याला पाठ लावून उभा राहिला आणि त्यांना जाऊ दिले.