न तपासलेली बोर्डं

"बोर्डामागं अठरा रुपये? लूटच मांडलीय की!" हेमराज वर्कशॉपवाल्यावर उखडला. छापून दिलेल्या चाळीस सर्किट बोर्डांच्या टेस्टिंगचे तो वर्कशॉपवाला वेगळे पैसे मागत होता. हेमराजनं ती बिनटेस्टिंगची उचलली आणि नवागामला घरी आणली.

आता हेमराज काही अडाणी नव्हता. पंधरा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करून त्यानं स्वतःच्या डोक्यानं सर्किट काढलं होतं: धागा तुटला की लूम बंद, आणि बटण दाबेपर्यंत बंदच. सचिन गावच्या एका कारखानदार सेठनं ऑर्डर दिली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते गड्यानं! त्याची बायको मालतीबाई तेवढी म्हणाली, "अहो, द्या ना टेस्टिंगचे. माझा भाऊ लोटू त्याच सेठच्या लूमवर आहे."

"घरीच करू की!" त्यानं तिला दोन तारांचा बझर दिला. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेच्या या टोकाला एक तार, त्या टोकाला दुसरी. वाजलं की पास.

पहिली सहा पास झाली. सुटे भाग जोडून त्यानं ती कारखान्यात बसवलीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालतीबाईची तार घसरली. "अहो, हे बोर्ड बघा किती चांगलं! शेजारच्या रेषेवर टेकवलं तरी वाजतंय!"

हेमराजनं बोर्ड उजेडात धरलं. दोन रेषांच्या मधे केसाएवढं तांबं राहून गेलं होतं. अशा बोर्डावर बंद पडलेला लूम कधीही आपोआप सुरू झाला असता, आणि बसवलेली सहाही अशीच असू शकत होती. पंधरा वर्षं त्यानं तुटलेलंच शोधलं होतं. नको तिथं जोडलेलं शोधायचं असतं, हे त्याला सुचलंच नाही. अठरा रुपयांत ते दोन्ही होत होतं, मेल्या!

चहा तसाच सोडून त्यानं लुना काढली ती थेट सचिनला. कारखान्यात शिरला तर लोटू थांबलेल्या लूममध्ये कोपरापर्यंत हात घालून धागा बांधत होता, आणि लूमचा मेन स्विच चालू! हेमराजनं धावत जाऊन अख्ख्या खात्याची विजेची लाइन पाडली.

"कोणे बंध कर्युं?" सेठ ओरडत आला.

"दाजी, काय व्हयनं?" लोटूनं हात बाहेर काढला.

"मेन चालू ठेवून हात घालतोस? आजवर बंद करूनच घालायचास ना?"

"आता कशाला? तुमचं बोर्ड आहे ना, दाजी!" लोटू शेजारच्या कारागिरांकडे बघत ऐटीत म्हणाला.

हेमराजला रडूच आलं. किरकोळ काम राहिलंय म्हणाला असता तरी निभावलं असतं. ऑर्डरही वाचली असती.

"तपासलेली नाहीत रे," तो म्हणाला. "सहाही काढतो."

सेठ ऑर्डर रद्द करायच्या गोष्टी बोलू लागला. हेमराजचं तिकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे लूम आपोआप सुरू झाला असता?" लोटूनं विचारलं.

"झाला असता कदाचित."

"ताईला ठाऊक होतं?"

"तिनं पैसे भरायला सांगितले होते. मीच नाही भरले."

लोटूनं हेमराजच्या पिशवीतून पक्कड घेतली, आपल्या लूमचं बोर्ड स्वतःच काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"बाकीची पाच तुम्ही काढा, मिस्त्री," तो म्हणाला.