नावाडणीची सहाशे वाक्यं

डोरीन हॅस्केट पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आली तेव्हा लेसिया ह्रिन्चुकला वाटलं, आपण भलत्याच बाईला बोलावलं. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला विणकामाची पिशवी, वय सत्तरच्या पुढे. कॅनडातल्या एडमंटनच्या लहानसहान नाट्यगृहांत चाळीस वर्षं कामं केलेली ही बाई व्हिडिओ गेम या प्रकारापासून मात्र साफ लांब होती.

"नाटकच ना हे?" तिनं माइकसमोर बसता बसता विचारलं. "फक्त प्रेक्षकाला मध्येच उड्या मारता येतात, एवढंच?"

"उड्या मारेल, पाठ फिरवेल, तुमचं वाक्य बटण दाबून अर्ध्यावर तोडेलसुद्धा," लेसिया म्हणाली.

"म्हणजे शाळेतल्या पोरांपुढचा प्रयोग. पुष्कळ केलेत मी."

आणि तिनं पहिलं वाक्य असं काही म्हटलं, की काचेपलीकडे आवाजाची बटणं सांभाळणारा जोनास चहाचा कप तसाच हातात धरून बसला.

लेसिया अठरा वर्षं गेमसाठी लिहीत होती. लोकांना वाटतं गेममध्ये कसलं आलंय लिखाण. पण रस्त्यावरच्या पहारेकऱ्यानं 'कोण आहे तिकडं?' म्हणायचं, तर ते बारा तऱ्हांनी लिहावं लागतं, कारण तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं की खेळणाऱ्याला तो पहारेकरी माणूस वाटेनासा होतो. समोरच्याचा अंगठा सदैव बटणावर असतो. तो अंगठा थांबला पाहिजे. लेसियाच्या मते त्यासाठी एकच उपाय होता: पात्राच्या मनात जे आहे ते त्यानं बोलायचं नाही, त्याच्या आसपासचं काहीतरी बोलायचं.

या नव्या गेममध्ये तिनं एक नावाडीण लिहिली होती. मिठाच्या खाडीवर प्रवाशांना नेणारी-आणणारी म्हातारी. खाडी ओलांडताना ती बोलत राहते, आणि खेळणाऱ्यापुढे उत्तरांची यादी येते. यादीत शेवटी नेहमी एक उत्तर असायचं: गप्प बसा. चार खेपा जो गप्प बसेल, त्याच्यापुढंच पाचव्या खेपेला नावाडीण आपलं मन उघडं करी. सगळी मिळून सहाशे बारा वाक्यं. लेसियाला स्वतःच्या लिखाणाचा सहसा कंटाळा असे, पण ही बाई आपल्याला जमलीय हे तिला आतून माहीत होतं.

त्या पानगळीत डोरीन सहा वेळा आली. मधूनमधून थांबायची, गरम पाण्याचा घोट घ्यायची, "म्हातारीला दम खाऊ द्या रे," म्हणायची. लेसियाला वाटलं, वयच आहे. पाचव्या खेपेचं बोलणं तिनं एका दमात म्हटलं. जोनास रेकॉर्डिंग थांबवायचंच विसरला.

फेब्रुवारीत ती गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग. तिला सप्टेंबरपासून ठाऊक होता, स्टुडिओत तिनं चकार शब्द काढला नव्हता.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सँडविच आणि कॉफीच्या टेबलाशी तिचा नवरा वॉली लेसियापाशी आला. थोराड, हातांची बोटं वाकलेली. पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरून दोघं ऐन तारुण्यात इकडे आली होती. त्यानं सगळी उमर उत्तरेला तेलमिश्रित वाळूच्या खाणीत अजस्र ट्रक चालवण्यात घालवली; दोन आठवडे तिकडं, एक आठवडा घरी.

"तू ती लिहिणारी ना?" तो म्हणाला. "डोरीन म्हणायची, त्या पोरीनं मला बोलायला चांगलं दिलंय."

"मिस्टर हॅस्केट, त्यांनी ते फारच..."

"वॉली म्हण. हे बघ, मी तिचं एकच नाटक पाहिलं. खाणीतून थेट गेलो आणि दुसऱ्या अंकात घोरायला लागलो. पुढच्या रांगेत. तिनं परत कधी बोलावलं नाही, मीही म्हणत राहिलो, पुढच्या वेळी येतो." त्यानं कॉफीचा कप उगाच फिरवला. "हे तुमचं बरं आहे. हे थांबतं ना माणसासाठी? मी झोपलो तरी?"

"थांबतं," लेसिया म्हणाली. "तुम्ही बटण दाबेपर्यंत ती पुढं बोलणार नाही."

"मग झालं तर."

मार्चमध्ये त्यानं फोन केला. गेम खेळायचं यंत्र विकत घेतलं होतं. "अगं, यात एका हातानं चालायचं आणि दुसऱ्यानं बघायचं! मी तासभर भिंतीकडे तोंड करून उभा होतो." गेम बाजारात यायला सहा-सात महिने होते, तोवर हात बसावा म्हणून तो दुसरं काहीबाही खेळत होता. दर आठ-दहा दिवसांनी फोन यायचा. आता वळता येतं. आता शिडी चढता येते. काल नावेत बसलो, पण पाण्यात पडलो. "डोरीनच्या नावेत पडायला नको, ती मला जन्मभर ऐकवेल," असं म्हणून तो हसायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रॅहमनं लेसियाला खोलीत बोलावलं. ग्रॅहम ऑस्ट्रँडर तिचा वरिष्ठ, कथेची सगळी जबाबदारी त्याच्यावर. त्यानं दार लावून घेतलं तेव्हाच काहीतरी वाईट आहे हे तिला कळलं.

"खाडी जातेय," तो म्हणाला.

"जातेय म्हणजे?"

"पाणी, धुकं, हलती नाव, सगळं मिळून यंत्राला झेपत नाही. चित्र अडखळतं. दोन महिने पोरं त्यावरच बसलीत. वरून निर्णय झाला, खाडीवर पूल टाकायचा."

"आणि नावाडीण?"

ग्रॅहमनं टेबलावरचे कागद सारखे केले.

"नाव उभी ठेवू," लेसिया म्हणाली. "काठाला बांधलेली. ती नुसती बसून बोलेल."

"तिची सगळी वाक्यं खाडी ओलांडतानाची आहेत, तूच तशी लिहिलीस. 'तो दिवा मागं पडला,' 'आता मध्यावर आलो.' बसल्याजागी कशी म्हणेल? आणि नव्यानं म्हणायला..."

"माणूस नाही," लेसिया म्हणाली.

"हो."

"ग्रॅहम, या गेममध्ये सगळ्यात चांगलं तेच आहे. तूच म्हणाला होतास."

"अजूनही म्हणतो. मी भांडलो गं. खोटं नाही सांगत. त्यांनी मला आकडा दाखवला: चार खेपा गप्प बसणारे शंभरात दोन निघतील. दोघांसाठी पूल अडवता येत नाही म्हणाले." त्यानं डोळे चोळले. "शुक्रवारपर्यंत बाकीच्या पात्रांच्या तोंडातून तिचे उल्लेख काढायला हवेत. दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको," लेसिया म्हणाली. "मीच काढते."

उल्लेख त्रेचाळीस ठिकाणी होते. मासेवाली म्हणायची, नावाडणीला माझे दोन मासे पोचव. एक सैनिक म्हणायचा, ती म्हातारी मला घाबरवते बुवा. लेसियानं एकेक काढला, जिथं भोक पडलं तिथं दुसरं काहीतरी भरलं. मासेवाली आता हवेबद्दल बोलू लागली. गुरुवारी दुपारी काम संपलं तेव्हा गावातल्या कुणालाही खाडीवर कधी कुणी बाई होती हे माहीत नव्हतं.

मग तिनं कंपनीच्या कायदेविभागाला पत्र लिहिलं. अभिनेत्री वारली आहे, तिच्या नवऱ्याला फक्त ऐकण्यासाठी ही रेकॉर्डिंगं देता येतील का? दोन दिवसांनी सौजन्यपूर्ण नकार आला: न वापरलेलं साहित्य बाहेर देता येत नाही. तिनं पुन्हा लिहिलं, निदान त्यांना इथं बोलावून एकदा ऐकवू द्या. पुन्हा नकार, पुन्हा सौजन्यानं. तिसऱ्यांदा ती स्वतः त्या मजल्यावर गेली. तिथली बाई खरंच कळवळली. "माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं हो," म्हणाली. "पण एकदा एकाला दिलं की..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्या इमारतीत वाक्यं अर्धवट सोडायची सगळ्यांनाच सवय होती.

फाइली लेसियाच्या समोरच होत्या. एका क्लिकवर डोरीनचा आवाज यायचा. जोनास म्हणाला, "मी नकलून देऊ का? गुपचूप?" पण कोण काय नकलतं याची नोंद व्हायची. मागच्या वर्षी असंच काही नेल्याबद्दल एका चित्रकाराला दुपारी बारा वाजता सामानाचा खोका हाती देऊन दाराबाहेर काढलेलं दोघांनी पाहिलं होतं, आणि जोनासच्या घरी दोन महिन्यांची जुळी होती. "नको," लेसिया म्हणाली. स्वतः नकलण्यासाठीही तिनं दोनदा हात पुढं केला. दोन्ही वेळा मागं घेतला. त्याची लाज तिला पुढं कितीतरी दिवस पुरली.

दरम्यान वॉलीचे फोन चालूच होते. प्रत्येक वेळी आज सांगायचं असं ठरवून ती फोन उचलायची, आणि तो म्हणायचा, "ऐक ना, आज पोहायला शिकलो!"

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिनं गाडी काढली आणि त्याच्या घरी गेली. वॉलीनं खारवलेलं मांस, कोबी, सलगम असं सगळं एकाच भांड्यात उकडून ठेवलं होतं, न्यूफाउंडलंडच्या पद्धतीनं. फळ्याएवढा मोठा टीव्ही, त्यापुढं एकच खुर्ची.

"आधी जेव," तो म्हणाला.

"आधी बोलू द्या," लेसिया म्हणाली, आणि तिनं सांगितलं. पूल, पत्रं, नकार, सगळं. स्वतःचे मागं घेतलेले हातसुद्धा.

वॉली ऐकत होता. त्यानं गॅस बारीक केला.

"म्हणजे ती आहे," तो म्हणाला. "तुमच्या त्या इमारतीत."

"आहे."

"आणि कुणी ऐकणार नाही."

"नाही."

"खाणीत असंच असायचं," तो म्हणाला. "वरून कागद यायचा. कुणाला शिव्या घालायच्या तेच कळायचं नाही. सगळे आपले भले लोक." त्यानं भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाला, "ती काय बोलते त्यात?"

हे सांगण्याचीही परवानगी नव्हती. लेसियानं सांगितलं. पाचवी खेप तिला तोंडपाठ होती.

"माझा नवरा मोठ्या जहाजांवर असतो. वर्षातून दोनदा येतो. त्याला सांगायचं म्हणून मी काय काय साठवून ठेवते. तो आला की विचारतो, काय नवीन? मी म्हणते, काही नाही. मग तुमच्यासारखं कुणी गप्प बसलेलं भेटलं, की ते सगळं त्याच्या वाट्याला जातं. माफ करा. मी काही वाट बघत नाही हं त्याची. असं मी सगळ्यांना सांगते."

वॉलीचा चेहरा पार बदलला होता.

"हे आमच्या घरातलं आहे," तो म्हणाला. "हे तिनं सांगितलं ना तुला? तिनंच सांगितलं असणार."

हो म्हणणं किती सोपं होतं. लेसियाच्या ओठांवर ते आलंही. पण या माणसापुढं तिला खोटं बोलवेना.

"नाही, वॉली. ती यायच्या सहा महिने आधीच मी हे लिहिलं होतं. तेव्हा मी तिला ओळखतसुद्धा नव्हते."

"अच्छा." तो खुर्चीत मागं टेकला. "अच्छा."

"पण शेवटचं तिचं आहे," लेसिया घाईघाईनं म्हणाली. "मी 'वाट बघत नाही' इथंच थांबवलं होतं. ती म्हणाली, अगं, एवढंच म्हटलं तर लोक खरं मानतील. आणि स्वतःच पुढं जोडलं, 'असं मी सगळ्यांना सांगते.' ते चार शब्द तिचे."

"पाच," वॉली म्हणाला. तो बोटांवर मोजत होता. "असं. मी. सगळ्यांना. सांगते. नाही, चारच." त्याचा हात तसाच हवेत राहिला. "कसं म्हणाली? हसून?"

"हसून नाही. म्हणजे... थोडं हसूनच."

"म्हणून दाखव."

लेसियानं म्हणून दाखवलं. तो मान हलवून नाही म्हणाला. तिनं आवाज खाली आणला, मग जरा लांबवून पाहिलं. तिच्या कानात डोरीन स्पष्ट ऐकू येत होती, ती थांबलेली जागा, श्वास, सगळं. तोंडातून मात्र आपलाच कोरडा, रविवारच्या दुपारचा आवाज येत होता. अठरा वर्षं माणसांना बोलायला लावणाऱ्या बाईला चार शब्द बोलता येईनात.

"मला नाही जमत, वॉली," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"असू दे गं पोरी. असू दे." त्यानं तिच्यापुढं ताट ठेवलं. "नट वेगळे आणि लिहिणारे वेगळे. डोरीन हेच म्हणायची. जेव, गार होतंय."

दोघं जेवली. त्यानं मांस फार खारट झालंय का विचारलं, ती नाही म्हणाली. झालं होतं.

जुलैत वॉली घर विकून न्यूफाउंडलंडला बहिणीकडे राहायला गेला. ऑक्टोबरात गेम आला, खूप खपला. कितीतरी जणांनी संवादांची तारीफ केली, आणि लेसियानं ग्रॅहमबरोबर उभं राहून केक कापला. नोव्हेंबरात तिनं कायदेविभागाला तिसरं पत्र लिहिलं. उत्तर आलं की जुनं साहित्य दुसरीकडे हलवलं गेलंय आणि ते नेमकं कुठं आहे याची या विभागाला कल्पना नाही. पत्राखाली सही नव्या माणसाची होती.

तिनं वॉलीला फोन करून तेवढं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. मागं कुणीतरी भांडी घासत होतं. "विचारलंस, तेच खूप केलंस." मग जरा वेळानं, "तिकडं थंडी पडली का गं?"

"पडली," लेसिया म्हणाली. आणखी काय बोलावं ते तिला सुचलं नाही, आणि त्यालाही नाही. तरी बराच वेळ दोघांनी फोन ठेवला नाही.