शेराच्या वईतलं खिंडार

मी सांगतो त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. बोरीत तर नाहीच. इथं शाळेतली पोरंसुद्धा मला थापाड्या आश्रुबा म्हणतात. पण शेराचं झाड चालतं. मी त्याला बसवर चढताना पाहिलंय.

माझ्या बागेला चारी बाजूंनी शेराची वई आहे, वडिलांच्या हातचं कुंपण. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. त्या वईत दोन हात रुंद खिंडार पडलं. त्यातून शेजारच्या धुरपतावैनी रोज सकाळी कढीपत्त्याला येतात. चार काड्या तोडतात, तासभर बसतात. घरची गेल्यापासून माझ्या ओट्यावर दुसरं कुणी बसलेलं नाही. वैनी उठून गेल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत मी रेडिओलाच उत्तरं देत असतो. सडकेनं यायचं तर मैलभर वळसा, आणि वैनींचे गुडघे गेलेले.

पण खिंडारातून रानडुकरंही जातात. वैनींच्या बालाजीची दोन सऱ्या हळद त्यांनी उकरली.

"काका, वई तुमची हाय. बुजवा," तो म्हणाला.

मी शेर लावला. वाळला. पुन्हा लावला. पुन्हा वाळला. तिसऱ्यांदा लावल्यावर पंधराव्या दिवशी बालाजी काटेरी तारेचं बंडल खांद्यावर घेऊनच आला. मागं वैनी होत्या.

"काका, शेर उकिरड्यावर फेकला तरी फुटतो. तुमच्याच हातानं कसा मरायलाय?"

"मरत न्हाई रे, जायलाय! तुला दिसतात त्या वाळक्या काड्या. खरा शेर निघून जातो. मागच्या खेपंला मी मागावर गेलो. ओळीनं चालले, फाट्यावर परभणीच्या बसला हात केला. कंडक्टर म्हणाला, चीक सांडंल, टपावर बसा."

"आन मग?"

"परभणीच्या रेल्वे स्टेशनापाशी उतरले. फलाटावर बसून येणारी-जाणारी माणसं बघायले. म्हणलं, लेकरांनो, घरी चला. तर त्यातला एक म्हणतो, बाबा, तुमच्या बागंत करमत न्हाई. दिवसभर कुणी बोलत न्हाई."

बालाजी हसला. बंडल खाली ठेवून त्यावरच बसला. मला जरा धीर आला.

"म्हणून म्हणतो, तार लावू नको. तारंला भिऊन तर एकबी टिकायचा न्हाई. अजून एक पावसाळा जाऊ दे. मी समजूत काढतो त्यांची. हळद मी राखतो, डबा वाजवत बसतो."

"बसचाल एकटेच?"

"मला काय काम हाय दुसरं?"

बालाजी आईकडं बघायला लागला. वैनी खिंडारापाशी वाकल्या. मी लावलेली एक फांदी त्यांनी धरली आणि हलकेच उपटली. कवळा शेंडा मातीत होता, सुकलेल्या चिकाचा जाड बुडखा वर. त्यांनी दुसरी उपटली. तिसरी उपटली.

"भावजी," वैनी म्हणाल्या, "शेंडा खाली आन बुडखा वर? जलमभर शेर लावणाऱ्या माणसाचा हात सगळ्या फांद्यांना चुकत नसतो. खोटं बोलायलाव तुमी. खिंडार तुमालाच बुजवायचं न्हाई."