पिवळ्या पाण्याची मालिका

मित्रांनो, मी बातम्यांचा एक जुना कॅमेरा आहे. हल्ली चित्रीकरणाचे सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानात धूळ खात असतो.

मला कारखान्याने घडवले, पण बघायला शिकवले ते मामांनी. मामा आमच्या शहरातल्या छोट्या वृत्तवाहिनीचे कॅमेरामन. माझे भिंग पुसायला त्यांच्या खिशात वेगळे मऊ फडके असे. पाऊस आला की स्वतः भिजत आणि मला कोटाखाली घेत.

आमच्यासोबत बातमीदार ताई असायची. एकदा रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीत नळाला पिवळे पाणी येऊ लागले, पोरे आजारी पडली. आम्ही गेलो. एका आईने पेला भरून आणला.

"हे साहेबांना पाजा, आणि मग म्हणावं, पाणी चांगलं आहे!"

ताईने तोच पेला पाणीखात्याच्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांची बोबडी वळली. मी सगळे टिपले. त्या संध्याकाळी अख्ख्या शहराने जेवता जेवता ते पाहिले. दुसऱ्याच दिवशी कचेरीवर माणसे धडकली. कारखान्याला सांडपाणी सोडणे थांबवावे लागले. मामांनी माझी पाठ थोपटली. "वाघ आहेस लेका!"

मग घरोघरी मालिका-सिनेमे दाखवणारी ॲप्स आली. लोकांनी केबल काढून टाकली. प्रेक्षक गेले, त्यांच्यामागोमाग साबणवाल्यांच्या, गाडीवाल्यांच्या जाहिरातीही तिकडेच गेल्या. संपादकांनी आधी आमची गाडी विकली. मग मामांना बोलावले.

"मामा, बाहेर फिरून बातम्या करणं आता झेपत नाही. स्टुडिओत चौघांना बसवून भांडण लावलं की भागतं."

मामा घरी बसले. ताई जाहिराती लिहू लागली. मी या दुकानात आलो.

वर्षे गेली आणि अचानक मला बोलावणे आले. एक मोठे ॲप त्याच पिवळ्या पाण्यावर मालिका काढत होते! मी हुरळून गेलो. चित्रीकरण त्याच वस्तीत होते. मामांचे काम करणाऱ्या नटाने मला खांद्यावर उलटा धरला. माझ्यात बॅटरीसुद्धा घातली नव्हती. ताई सल्लागार म्हणून आली होती, आणि गर्दीत उभे राहायला वस्तीतल्या बायका आणल्या होत्या. त्यांत ती आईही होती, आता केस पिकलेली. पेल्यात पिवळा रंग कालवणाऱ्याला ती म्हणाली, "रंग कशाला घालता? घरून आणते की. पाणी परत तसंच येतंय." मग ताईकडे वळली. "माझी नात दवाखान्यात आहे गं. बातमी कर ना!"

ताईने फोन काढून तिचा पत्ता टिपून घेतला. दिग्दर्शक मात्र खूश झाला.

"वा, मावशी! शॉटमध्ये असंच बोला. फक्त नात नको, मुलगी म्हणा."

मालिका देशोदेशी गाजली. लोक ढसाढसा रडले म्हणे. ताईने स्वतःच्या फोनवर मावशींची खरी बातमी केली. ती पाहिली वस्तीतल्या चार जणांनी आणि कारखान्याच्या वकिलाने. वकिलाने लगेच ताईला बदनामीची नोटीस धाडली. नळ तसाच आहे.

मित्रांनो, मालिका बघू नका असे मी म्हणत नाही. पोटभर बघा. पण तुमच्या दारी येऊन तुमचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी तुमच्या शहरात उरले आहे का, एवढे विचारा. उरले असेल तर त्याला जगवा. नाहीतर एक दिवस स्वतःचेच दुःख बघायला तुम्हाला ॲपची वर्गणी भरावी लागेल.