तवसाळच्या धक्क्यावर

बाबल्या रत्नागिरीतल्या रावजीशेठच्या बेकरीचे पाव मोटरसायकलवर बांधून रोज पहाटे आरे-वाऱ्याकडच्या गावांत पोचवायचा. गाडी त्याची स्वतःची, जुनी. पाव संपले की ती दाराशी उभी राहायची. बायको तुळसा कधी म्हणाली, गणपतीपुळ्याला जाऊन येऊ, तर तो म्हणायचा, "गाडी कामाची हाय, मिरवायची न्हाय."

म्हणून बेकरीवर पाव न्यायला येणाऱ्या, बँकेतल्या ओमकारने "रविवारी आमच्या बाईकवाल्या ग्रुपबरोबर गुहागरला चल" म्हटल्यावर तो लगेच तयार झाला, याचं तिला नवल वाटलं.

"मी पन येव काय?"

"बायका न्हायत कोन त्यात."

जयगडच्या धक्क्यावर सगळ्यांनी आपापल्या बॅगा त्याच्या गाडीवर लादल्या. "तुझ्याकडे कॅरियर आहे, आमच्या गाड्यांना कुठंय?" ओमकार म्हणाला. बाबल्याला राग आला नाही. फेरीबोट सुटली, खाडीचा वारा लागला, आणि आज कुठेच वेळेवर पोचायचं नाही हे ध्यानात येऊन तो एकटाच हसला. गुहागरच्या समुद्रावर गाड्या ओळीत लावून फोटो निघाले. त्याला म्हणाले, "तू काढ."

परतताना खाडीच्या गुहागरकडच्या काठावर, तवसाळच्या धक्क्यावर ओमकारच्या गाडीचा क्लच गेला. शेवटची बोट लागलेली, आणि बोटवाला बंद पडलेली गाडी चढवू देईना.

"बाबल्या, तू थांब हिच्यापाशी. सकाळी मेकॅनिक टेम्पो घेऊन येईल. तुझी गाडी मी नेतो."

"दादा, सकाळी पाव..."

"रावजीशेठना सांगतो रे. एवढी महागाची गाडी इथं टाकून जाऊ?"

बाबल्याने चावी दिली. बोट निघाली तेव्हा कुणीतरी त्याच्या गाडीचा हॉर्न वाजवत खिदळत होतं.

टेम्पो आला तो दुपारनंतर. हौद्यात ओमकारची गाडी धरून बसलेला बाबल्या रत्नागिरीत उतरला आणि थेट बेकरीवर गेला. समोरून त्याचीच गाडी आली. वर शिवा, भट्टीवरचा कामगार.

"ओमकार काल चावी ठेवून गेला," रावजीशेठ म्हणाले. "म्हणाला, बाबल्या मजा करतोय, उद्या यायचा नाही. पाव काय तुझ्यासाठी थांबतात?"

"शेठ, त्येनीच ठेवलान मला तिथं..."

"उद्यापासून शिवाच जाईल. त्याला फिरायची हौस नाही. गाडी विकणार असलास तर त्यालाच दे."

बाबल्याने ओमकारला फोन लावला.

"अरे, मी तुझी बाजूच घेतली," ओमकार म्हणाला. "पण माझ्या टाकीवर ओरखडा आलाय. टेम्पोत नीट धरली नव्हतीस काय?"

घरी तुळसा वाट बघत होती. "कसं काय, झाली मजा?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच सगळं ऐकायचं होतं, समुद्र, बोट, काय खाल्लं ते.

बाबल्याने तिच्या थोबाडीत मारली.

त्याच आठवड्यात शिवा येऊन गाडी घेऊन गेला. तुळसा बाहेर आली नाही.