एकशे चोपन्नची खूण

मी नाथाजी हवालदारांच्या पडवीतली उंची मोजायची फळी बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. हे वाचता वाचता तुम्ही पाठ जरा ताठ केलीत, कबूल करा. माझ्यापुढं सगळेच करतात.

आष्ट्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. इथं पोरगं मिसरूड फुटायच्या आधीच भरतीची भाषा बोलतं. फौज नाहीतर पोलीस. भरतीच्या दारात पहिली गाठ पडते ती उंचीशी, आणि उंची मागायला लोक माझ्याकडं यायचे. मागून काय मिळतंय? पण माणूस मोठा खटपट्या. कुणी टाचा उचलायचं, कुणी मोज्यात पुठ्ठा घालायचं, कुणी केसांना पाणी लावून ते उभे करायचं. एका बहाद्दरानं टेंगूळ यावं म्हणून चौकटीवर डोकं आपटून घेतलं होतं. टेंगूळ आलं, पण नेमकं मागच्या बाजूला. असली सोंगं बघून बघून मी संशयी झाले. जो तो मला फसवायलाच येतो, हे मी धरूनच चालायची.

माझा जन्म बैलगाडीतला. घरात ट्रॅक्टर आला तशी गाडी मोडीत निघाली आणि तिच्या तळाची मी एक फळी तेवढी शाबूत राहिले. त्याच साली नाथाजी फौजेतून पेन्शनवर घरी आले होते. गावची पोरं भरतीला जायची आणि पहिल्याच फाटकातून उंचीपायी माघारी यायची. दोन दिवस मोडायचे, वर चारचौघांत हसं. नाथाजी म्हणाले, "घरीच मोजू. बसतंय त्यानं जावं, बसत न्हाई त्यानं दुसरं बघावं." शेजारच्या तात्याबा सुतारानं मला रंधा मारला आणि पडवीच्या भिंतीला उभं ठोकलं.

आता माझ्यावर आकडे कोरायचे होते. नाथाजींनी घरातून राहीबाईंची टेप आणली. राहीबाई म्हणजे त्यांची बायको, सगळ्या आळीची पोलकी त्या शिवायच्या. टेपचं खालचं टोक नाथाजींनी माझ्या पायाशी खिळ्यानं पक्कं केलं आणि वरचं टोक फौजी हातानं कचकावून ओढलं.

राहीबाई चुलीपुढनं ओरडल्या, "आवं, एवढी वडू नगासा! जुनी हाय ती, लांबलीया. म्या पोलकं बेतताना सुदिक अंदाजानं धरती तिला."

"माप म्हंजे माप. त्यात अंदाज कसला?" नाथाजी म्हणाले. "आन् ताणल्याबिगार सरळ कशी यील?"

टेप दीडशे सेंटीमीटरला संपली. मग दीडशेच्या खुणेला तिचं टोक पुन्हा खिळून वरचे आकडे काढले. तापवलेल्या खिळ्यानं एकेक रेघ डागली. चटके बसले, पण मला त्याचा अभिमान वाटला. गाडीच्या तळाला शेण-माती खाणारी फळी आता माणसांचा निकाल देणार होती.

आणि दिलेही मी निकाल. नाथाजी डोक्यावर लाकडी गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, टेकवायचे, टाचेखाली कागद सरकवून बघायचे आणि एकच शब्द बोलायचे. "पास" नाहीतर "न्हाई". पास झालेल्याचं नाव ते माझ्या कडेला, त्याच्या उंचीपाशी, ब्लेडनं कोरायचे. शंभूराज, शिवतेज, जयराज, अशी नावं वाढत गेली. यातला एकही पोरगा पुढं उंचीत बाद झाला नाही. नाथाजी पारावर छातीठोकपणे सांगायचे, "माझ्या फळीनं पास केल्याला पोरगा कवा माघारी आलाय का? दाखवा यक!" कोण दाखवणार? नव्हताच कुणी. कधीतरी एखादा सुट्टीवर आलेला जवान हसत म्हणायचा, "हवालदार, तिथं माझी उंची सेंटीमीटरभर जास्तच भरली की." त्यावर नाथाजी म्हणायचे, "सकाळी मोजली आसंल. सकाळी माणूस उंच आस्तो." तेही खरंच होतं, म्हणून तो विषय तिथंच मिटायचा. माझ्या मनात मात्र यायचं, तिथली टेप ढिली असणार.

नाथाजींना एकच लेक, रेश्मा. बारावी झाली तशी तिनं पोलीस भरतीचं डोक्यात घेतलं. पळण्यात ती पोरांना मागं टाकायची. मुलींना उंची लागते एकशे पंचावन्न. तिची पाळी आली त्या दिवशी पडवीत बरीच माणसं होती. आठवडाभर आधीच नाथाजींनी शेजारच्या आळीतल्या एका पोराला अर्ध्या सेंटीमीटरसाठी माघारी धाडलं होतं आणि त्याचा बाप समोरच बसला होता. हवालदार घरच्या लेकीला कसं मोजतो ते बघायलाच तो आला असणार, अशी मला दाट शंका होती. नाथाजींनाही ती आली असावी.

रेश्मा पाठ लावून उभी राहिली. मी सवयीनं तिच्या टाचांकडं लक्ष ठेवलं. टाचा जमिनीलाच होत्या. गुण्या टेकला. नाथाजींनी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"एकशे चोपन्न. न्हाई."

"आण्णा, यकदा परत बगा की."

"धा बार बघितलं तरी लाकूड बदलत न्हाई, पोरी."

मला तेव्हा वाटलं होतं, काय न्यायाचा माणूस! पोटच्या पोरीलासुद्धा सूट नाही. समोरचा बाप मान डोलवत उठून गेला.

सगळे पांगल्यावर रेश्मा परत आली. एका हाताचा तळवा डोक्यावर आडवा धरून ती माझ्याशी टेकली आणि दुसऱ्या हातानं, केसातल्या पिनेनं, तळव्याखाली तिनं एक बारीक रेघ ओढली. बरोबर एकशे चोपन्नच्या डागावर. त्यानंतर चार महिने ती रोज सकाळी परसातल्या जांभळाच्या फांदीला लोंबकळायची आणि मग येऊन त्या रेघेशी उभी राहायची. रेघ काही हलली नाही. पाचव्या महिन्यात फलटणचं स्थळ आलं आणि ती सासरी गेली. जाताना देवाच्या पाया पडून ती माझ्यासमोर क्षणभर थांबली. मला वाटलं, आता लाथ घालते. तिनं नुसतं बघितलं.

वीस वर्षं गेली. माझ्याकडं येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली. पोरं आता अकादमीत जातात, तिथं म्हणे काचेवर आकडा उमटतो. माझ्या खिळ्याला कुणी पिशवी अडकवायचं, कुणी छत्री. नाथाजी पंच्याहत्तरीला आले आणि खुर्ची माझ्या शेजारीच टाकून बसायला लागले.

गेल्या उन्हाळ्यात रेश्माची लेक शिवांजली आजोळी आली. तिच्याही डोक्यात भरतीच. नाथाजी हरखले. छत्री काढून त्यांनी मला पुसलं, नातीला उभं केलं आणि गुण्या टेकवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांची नजर तशी बरी होती. नातीचं माथं थेट आईच्या रेघेला येऊन लागलं.

"न्हाई," नाथाजी म्हणाले. पण आवाज तो जुना नव्हता.

शिवांजली फलटणला परत गेली आणि महिन्याभरानं तिचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. "आबा, साताऱ्याला उंचीत पास झाले! एकशे पंचावन्न पॉइंट पाच. ग्राउंडबी चांगलं गेलंय."

राहीबाईंनी देवापुढं साखर ठेवली. नाथाजींनी मात्र फोन ठेवला आणि ते माझ्याकडं टक लावून बसले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण माझ्या मनातही तेच चाललं होतं. पोरीनं काहीतरी केलंय. अंबाडा? पुठ्ठा? दीड सेंटीमीटर काही महिन्याभरात वाढत नाही.

चार दिवसांनी मायलेकी पेढे घेऊन आल्या, तर नाथाजींनी पेढ्याला हात लावला नाही. "आधी खरं काय ते सांग. काय लबाडी केली आसशील तर नाव काडून घ्यायचं. खोटं माप सांगून वर्दी न्हाई घालायची आपल्या घरात."

शिवांजलीचे डोळे भरून आले. "आबा, देवाशपथ, काय न्हाई केलं मी!"

"मग काय माझी फळी खोटी?"

नाथाजी तरातरा अंगणात गेले आणि त्यांनी हाक मारली, "तात्याबा! तुझी लोखंडी टेप घिऊन ये रं जरा. हिच्या डोळ्यांदेखत हुंदे."

मीही मनात म्हटलं, येऊ दे. हातच्या कंकणाला आरसा कशाला!

तात्याबा आला. आता तोही वाकलाय, पण टेप नवी होती. त्यानं टेपचं टोक माझ्या पायाशी टेकवलं आणि पट्टी सर्रकन वर नेली. मग चष्मा सारखा केला. पुन्हा टेकवली. तिसऱ्यांदा टेकवली.

"हवालदार," तो हळूच म्हणाला, "तुमचं शंभर हितं एकशे एकला हाय. आन् एकशे पंचावन्न म्हंजे एकशे साडेछप्पन."

राहीबाई आत गेल्या आणि मशीनच्या खणातून ती जुनी टेप घेऊन आल्या. तात्याबानं दोन्ही टेपा ओट्यावर शेजारी शेजारी ताणून धरल्या. राहीबाईंच्या टेपचं दीडशे लोखंडी टेपच्या एकशे साडेएकावन्नला गेलं. राहीबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि टेप गुंडाळून ठेवली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंचवीस वर्षं मी सगळ्यांच्या टाचेखाली कागद सरकवून बघत होते, माझ्या टाचेखाली कुणी बघितलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी पास केलेला एकही पोरगा माघारी आला नाही, कारण मी प्रत्येकाकडून दीड सेंटीमीटर जास्तीची उंची वसूल करत होते. आणि ज्यांना मी "न्हाई" म्हटलं ते भरतीला गेलेच नाहीत. माझी चूक मला येऊन सांगणार कोण?

रेश्मा पुढं आली. ती म्हणाली, "आण्णा, ही पोटात आस्ताना दवाखान्यातल्या कार्डावर माझी उंची एकशे पंचावन्न लिवली व्हती. मला वाटलं, नर्सबाईनं अंदाजानं लिवलं आसंल. तुमच्या फळीपुढं कुणाचं खरं मानायचं? पर मनात किडा ऱ्हायला. म्हणून पोरीला म्हटलं, फळीला इचारू नगस, सरळ जा."

नाथाजी खुर्चीतून उठले. त्यांचं बोट माझ्या कडेवरच्या नावांवरून खाली खाली आलं आणि पिनेच्या रेघेवर थांबलं. त्यांना ती रेघ ठाऊक होती म्हणजे! इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी ती पाहिली होती आणि एक शब्द काढला नव्हता.

"तात्याबा, ही मोज."

तात्याबानं टेप लावली. एकदा एकशे पंचावन्नवर चार मिलिमीटर आलं, एकदा सहा. त्यानं मान हलवली. "रेघ हातानं वडल्याली, पिनेची. पाच धरा. त्याच्या खाली मला इचारू नगा, माझ्या टेपलाबी तेवढं दिसत न्हाई. पर एकशे पंचावन्नच्या वर हाय, एवढं नक्की."

नाथाजी रेश्माकडं वळले. टाचा जुळवून ताठ उभे राहिले. मग तो शब्द बाहेर आला.

"पास."

रेश्मानं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "ह्यो यकच शबूद तवा पायजे व्हता, आण्णा."

नाथाजींनी ब्लेड मागवलं. शिवांजलीनं वरून त्यांचा हात धरला आणि दोघांनी मिळून रेघेशेजारी 'रेश्मा' असं कोरलं. मला ते डागण्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नाथाजी मला उपटून बंबात घालायला निघाले होते. रेश्मानंच अडवलं. "ऱ्हाऊ द्या. खोटी हाय हे ठावं आसल्याली फळी काय वाईट न्हाई." मग तात्याबानं माझ्या माथ्यावर ऑइल पेंटनं लिहिलं, 'ही फळी दीड सेंटीमीटर कमी दाखवते, अंदाजे.' 'अंदाजे' हा शब्द नाथाजींनी सांगून घालायला लावला.

आता नाथाजी रोज सकाळी माझ्या शेजारी वही घेऊन बसतात. ज्यांना "न्हाई" म्हटलं त्यांची नावं आठवतात. अकरा झालीत. कुणी उसाच्या टोळीवर मुकादम झाला, कुणाचं चहाचं दुकान आहे, दोघं या जगातच नाहीत. एकेकाच्या घरी जाऊन नाथाजी सांगून येतात, "चूक माझी व्हती."

तुम्ही कुणाच्या मापाला उभे राहाल तेव्हा पाठ खुशाल ताठ करा, पण आधी त्या मापाला विचारा, तुला कुणी मोजलंय? मला कुणी तसं विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्यापायी एकूण किती जण घरी बसले, म्हणता? अकरा असतील, वीस असतील. नक्की आकडा मी आता देणार नाही. त्यांत एक रेश्मा होती, एवढं मात्र नक्की.